दुसरं शहर चालेल का?

शिक्का बसला तो नेमका फोटोच्या शेजारी, कोऱ्या कागदावर, ऐसपैस.

अनुजाला रडूच आलं. चीनमधल्या विद्यापीठांचे अर्ज ज्या वेबसाइटवरून ती भरत होती, तिथल्या सल्लागार बाईंनी बजावून सांगितलं होतं. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर हॉस्पिटलचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर हवा, नाहीतर फॉर्म परत.

"कर्म माझं!" ती मराठीतच पुटपुटली. कोलकात्याच्या हॉस्पिटलात ऐकतंय कोण!

"माझंही," मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा, चष्म्याच्या काचांवर बोटांचे ठसे… आणि हातात अगदी तसाच फॉर्म, तसाच बाजूला पडलेला शिक्का.

"मग परत नाही मारून घेतलास?"

"म्हटलं, जाऊ दे… चालेल."

"चालेल? अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिने त्याच्या हातातला कागद ओढला आणि काउंटरवर जाऊन बंगालीत अशी काही भांडली, की त्या माणसाने मुकाट्याने दोन्ही फॉर्मवर पुन्हा नीट शिक्के मारून दिले. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मग ती लाजली. तावातावाने भांडून झाल्यावर लाजणारी मुलगी, आता बोला!

त्याचं नाव विहंग कारखानीस. वडील बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. अनुजा मात्र इथलीच. तिचे बाबा खिदिरपूर बंदरावर कस्टम्समध्ये, घरही तिथेच, त्यामुळे बोटी आणि क्रेन बघतच ती वाढली. दोघंही सिव्हिल इंजिनिअर झालेले, दोघांनाही पुढे बंदरबांधणी शिकायची होती. मग काय, एकाच लॅपटॉपवर अर्ज भरणं सुरू झालं. बागबाजारला नदीच्या घाटाजवळ एक चहावाला होता. त्याच्या बाकावर मातीच्या कुल्हडातला चहा पीत दोघं कागद अपलोड करायची, आणि सल्लागार बाई चॅटवर चुका काढायच्या.

अर्ज हे निमित्त होतं हो. अनुजा जायची ती मराठी ऐकायला. आई गेल्या थंडीत गेली, आणि तिच्याबरोबर घरातलं बोलणंच गेलं. बाबा ऑफिसातून येत, आईच्या फोटोसमोर बसत. झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच असे. "बाबा, दोन घास तरी खा ना," म्हटलं तर नुसती मान हलवत. त्या घरात तिचा जीव गुदमरायचा. कुठेही लांब निघून जायचं, एवढंच तिला कळत होतं.

आणि इथे हा मुलगा! "अय्या, तू 'इश्श' म्हणतेस अजून?" म्हणून चिडवायचा.

"आईने शिकवलं तेच येतं मला. हसू नकोस."

"हसत नाहीये… गोड वाटतं."

ती घाईघाईने चहाकडे बघू लागली. चहा केव्हाच संपला होता.

एकदा तिने विचारलं, "तू प्रत्येक गोष्टीला 'चालेल' का म्हणतोस रे?"

त्याने हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "रायपूरला आमचा कुत्रा होता, मोती. बदली झाली तेव्हा बाबा म्हणाले, शेजाऱ्यांकडे ठेवू या, चालेल ना? मी चालेल म्हटलं. गाडी निघाली तसा तो मागे धावत आला… नंतर काही मागायचंच सोडून दिलं मी. कशाला? बदली तर होणारच."

तिने हळूच त्याच्या बोटांवर हात ठेवला. नदीवरून वारा येत होता, आणि दोघांनीही हात काढून घेतला नाही.

"तुला माहितीये," ती म्हणाली, "मराठे येतील म्हणून या लोकांनी इथेच, बागबाजारला, मोठा खंदक खणायला घेतला होता. केवढी दहशत होती आपली! आणि तू? तुला बघून डबकंसुद्धा खणलं नसतं कुणी."

तो खळखळून हसला. तेव्हाच अनुजाला कळून चुकलं, की आपण पुरत्या बुडालो आहोत.

विद्यापीठ ठरलं दालियानचं, समुद्रकाठचं. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. इथे जागा मिळाली नाही, तर दुसऱ्या शहरात पाठवलेलं चालेल का? हो किंवा नाही.

"आपण 'नाही' टाकायचं हं," ती म्हणाली. "दोघांनीही. गेलो तर दोघं, एकाच ठिकाणी. कळलं?"

"चालेल," तो म्हणाला. तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

जुलैत निकाल लागला. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. तो भिजत आला, चेहरा पडलेला. तिला दालियानने जागा नाकारली होती. दुसरं शहर चालणार नाही म्हटलेलं, त्यामुळे अर्ज तिथेच संपला. आणि त्याला जागा मिळाली होती, लान्झाऊला. समुद्रापासून कितीतरी लांब.

"तू 'हो' टाकलंस?"

"सल्लागार बाई म्हणाल्या, हो टाकलंत तर संधी वाढेल. इतक्या प्रेमाने म्हणाल्या… मला नाही म्हणता येईना गं."

"त्यांना नाही म्हणता आलं नाही! आणि मला दिलेला शब्द?" तिचा आवाज चिरकला. "निदान दोघांनाही मिळाली नसती. दोघं इथेच राहिलो असतो!"

तो मान खाली घालून उभा होता. "मग… मी काय करू? तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं नाही, विहंग! तुला काय हवंय? आयुष्यात एकदा तरी सांग ना रे!"

ती निघून गेली. नंतर त्याचे फोन तिने उचलले नाहीत.

तो जायच्या आदल्या दिवशी खिदिरपूरला तिच्या दाराशी उभा होता. बाबा आत होते, आईच्या फोटोसमोर.

"नाही चालणार मला," तो म्हणाला. "तू नसलेलं कुठलंही शहर मला नाही चालणार. मला तू हवी आहेस. मी जात नाही. घरी भांडलोसुद्धा… पहिल्यांदाच."

एवढंच तर ऐकायचं होतं तिला! राहा, म्हणायचं, की झालं. शब्द अगदी ओठांवर आला. मग तिला आतली बाबांची खुर्ची दिसली. गेलेल्या माणसासाठी जागच्या जागी थिजून बसलेलं एक माणूस या घरात होतंच. विहंगला तसं बसवायचं? तिच्यासाठी?

"जा तू," ती म्हणाली.

"आणि तू?"

"पुढच्या वर्षी अर्ज भरीन. लान्झाऊचाच."

"इतके महिने… मी तिकडे, तू इथे? चालेल तुला?"

तिने त्याचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने काचा स्वच्छ पुसल्या आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"चालेल," ती म्हणाली.

जिन्यावरची त्याची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर तिने दार लावलं. बाबा खुर्चीतून उठून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"भात लावू का थोडा?" त्यांनी विचारलं. आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"चाले…" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग ती मटकन जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. बाबा तिच्याशेजारी खाली बसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेही रडू लागले.