तांबडीची धाप

भोकरदनला दैवशालाचं गुप्तहेराचं कार्यालय आहे. तिथं लग्नाआधीची चौकशी येते, चोरीला गेलेली मोटारसायकल येते. त्या सकाळी केदारखेड्याच्या गोजरबाई डालग्यात कोंबडी घेऊन आल्या, तेव्हा मदतनीस शिवशंकरला हसू आवरेना.

"हसतूस काय? शेजारच्या कांताबाईनं ईख घातलं माझ्या तांबडीला! पोलिसात जायच्या आधी पुरावा पायजे मला."

"होतंय काय तिला?" दैवशालानं विचारलं.

"चोच वासून धापा टाकून राह्यली. घशात घरघर. जनावराच्या डाक्टरनं सर्दीचं औषध दिलं, बिलकुल फरक न्हाई."

तांबडी मात्र मान वाकडी करून टेबलावरचा डबा न्याहाळत होती.

"आत्ता तर बरी दिसतीये," शिवशंकर म्हणाला.

"तेच तर! सकाळी मरायला टेकल्ती. जीपमधी वारं लागलं अन् डोळे उघडले."

दैवशाला उठलीच. "शिवा, गाडी काढ."

केदारखेड्यात कांताबाई कुंपणाशीच उभी होती, तोंड सोडायच्या तयारीत. "माझी मेथी उकरली म्हणून शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू? पण उकरत्यात हिच्या बाकीच्या कोंबड्या. त्या बघा, टुणटुणीत! तांबडी तर खुडूक हाये. अंड्यावर बसल्यापासून ती घराबाहेर पडलीच न्हाई."

"ही फार बोलते," शिवशंकर कुजबुजला. "मला तर हिचाच संशय येतोय."

"तुला नेहमी बोलणाऱ्याचाच येतो."

तांबडीची पाटी आतल्या खोलीत होती. दार लोटलं तर आत अंधार. खिडकीत गोधडी कोंबलेली. एका कोपऱ्यात ज्वारीची पत्र्याची कोठी, तिच्या बुडाशी अंड्यांची पाटी, आणि पलीकडं बाजेवर गोजरबाईंची बाळंतीण लेक शीतल, कुशीत तान्हं बाळ. ओव्याच्या धुरीचा वास होता, त्यात लसणाचाही.

"बाळंतिणीला वारं लागू न्हाई म्हणून बुजवली खिडकी," गोजरबाई म्हणाल्या. "थंडी वाढली तशी तांबडीलाबी या खोलीत आणलं."

शीतल डोकं धरून उठून बसली. "डोकं लई दुखतंय. मळमळतंय. अन् बाळ नीट पीत न्हाई, नुसतं कण्हून राह्यलंय."

"व्हतंय बाळंतपणात असं."

"धुरीत काय घालता, मावशी?"

"ओवा अन् बाळंतशोपा. लसूण संपलाय कधीचा. आणा म्हणलं तर ह्यांना सवड न्हाई."

दैवशाला पाटीपाशी वाकली. जमिनीवर सोंडे, ज्वारीतले किडे, मरून पडले होते, मुंग्या होत्या, आणि एक पाल उताणी पडली होती.

"ज्वारीला औषध लावता का?"

"छे! कडुलिंबाचा पाला. औषध शिवू देत न्हाई मी धान्याला."

दारात गोजरबाईंचे यजमान राधाकिसन येऊन उभे राहिले. "म्या म्हणलं व्हतं हिला, ती कोंबडी हितून हलव. ऐकतंय कोण?"

दैवशालाचा चेहरा उतरला. "शिवा, बाळ उचल! मावशी, शीतलला धरा. आधी बाहेर, मंग विचारा!"

काही न कळताही शिवशंकरनं गाडी भोकरदनच्या दवाखान्याकडं दामटली. गोजरबाई आणि राधाकिसन मागं बसले, आणि शीतलला सावरायला कांताबाईही कुणी न बोलावता गाडीत चढली. बाळाला आणि शीतलला आत नेऊन प्राणवायू लावला, तेव्हा कुठं दैवशाला बाकावर टेकली.

"विष खाण्यात नव्हतं. तसं असतं तर नुसत्या वाऱ्यानं तांबडी सावरली नसती. ते त्या खोलीच्या हवेत होतं. बाकीच्या कोंबड्या अंगणात, त्या धडधाकट. ही कोठीच्या बुडाशी बसून, म्हणून तिला आधी लागलं. किडे मेले, पाल मेली. आणि घरात लसूण नसताना लसणाचा वास. धान्यात कीड मारायच्या गोळ्या टाकतात, त्यांच्या विषारी वायूला तसा वास येतो. धुरीमुळं कुणाला शंका आली नाही."

"पण टाकल्या कुणी?" शिवशंकरनं विचारलं.

"मावशी औषध शिवू देत नाहीत, म्हणजे चोरून टाकल्या. आणि कोंबडी हलवा असं घरात एकाच माणसाला वाटत होतं."

राधाकिसन भिंतीला धरून खाली बसले. "मागल्या साली पाला घालूनबी सगळी ज्वारी किडली. हिला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. दुकानदार म्हणल्ता, राहत्या खोलीत गोळ्या नका ठेवू. मला वाटलं, बारक्या जिवालाच बाधत असंल."

"तुमचा नातू कोंबडीहून किती मोठा आहे, काका?"

राधाकिसन तोंड झाकून रडू लागले. शिवशंकरलाही त्यांच्याकडं बघवेना.

"त्यांना एकट्याला नका बोलू," गोजरबाई म्हणाल्या. "खिडकी म्या बुजवली. लेक डोकं धरून बसली, तरी म्या कोंबडीचंच घेऊन गावभर हिंडले."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, बारीक पण सलग. डॉक्टर बाहेर आले. "रात्रभर लक्ष ठेवावं लागेल. पण श्वास आता नीट घेतंय. आजी कोण? एकीनं आत या."

गोजरबाई उठल्या नाहीत. त्यांनी कांताबाईचा हात धरला.

"तू जा, कांता. म्या कोणत्या तोंडानं जाऊ?"