अभ्यासातून वगळलेली

"फुंका... फुंका... अजून थोडं... अजून!"

तो तरुण संशोधक सांगत होता मला, आणि गाल फुगवून लालबुंद होत होता स्वतःच. श्वास मोजायच्या यंत्राची नळी तोंडात धरून मी जेमतेम निम्मा श्वास सोडला आणि फस्सकन हसले.

"परत," तो गंभीरपणे म्हणाला.

"तुम्ही असं तोंड करणार असाल तर नाही जमायचं!"

"कसं तोंड?"

शेजारी बसलेल्या आईने लगेच करून दाखवलं. दम्याने आमच्या आईला कधी गप्प बसवलेलं नाही.

दमा घराण्यात कसा उतरतो, जनुकांतल्या कुठल्या बदलाने धोका वाढतो, याचा तो अभ्यास करत होता. आजीला दमा, आईला दमा, मला दमा. आम्ही त्याला आयत्याच मिळालो. माझं आणि आईचं रक्तही त्याने तपासणीसाठी घेतलं होतं. मी हसत होते खरी... पण एका मुलाने "पुढे मुलांनाही होईल" म्हणून मला नकार दिला होता. तेव्हापासून लग्नाचा विषय मी बंदच करून टाकला होता.

मग दर महिन्याला फुंकायला जाऊ लागले. एकदा त्याच्या अत्तराने मला खोकला आला. पुढच्या खेपेला त्याने अत्तर लावलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं. आलंय असं मात्र मी दाखवलं नाही.

"माझ्यात तो बदल सापडला तर?" मी विचारलं.

"तर धोका थोडा जास्त, एवढंच. धूळ, धूर, सर्दी, सगळ्यांचाच त्यात हात असतो. एकट्या जनुकाच्या नावाने कशाला खडे फोडायचे?"

त्यानंतरच्या महिन्यात मात्र त्याने नळी हातात दिलीच नाही. "तुम्हाला अभ्यासातून वगळलंय."

"इतकं वाईट निघालं?"

"छे! निकाल अजून यायचाय. नियम आहे... संशोधकाच्या जवळच्या माणसाचा नमुना चालत नाही."

"मी कुठे तुमची जवळची?"

"नाही... म्हणजे, अजून नाही." त्याचे कान लाल झाले. "पण मी माझ्या मार्गदर्शक सरांना तसं सांगून बसलो. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमच्या आईंचाही नमुना गेला. सर भडकलेत."

हसू येत होतं, पण हसवेना. "आणि मुलांना दमा झाला तर? नीट विचार करून बोला."

"झाला तर औषध देऊ. शाळेत पाठवू, मैदानावर पाठवू. तुमच्या आईंनी तेच केलं ना?" तो हळूच म्हणाला, "दमा असलेली मुलगी झाली म्हणून त्यांना कधी वाईट वाटलं?"

काचेच्या दारापलीकडे आई कुणा अनोळखी बाईंशी गप्पा मारत होती. माझ्याकडे बोट दाखवून, कौतुकाने. न झालेल्या मुलांची मी इतकी काळजी केली... आणि मीही कुणाची तरी अशीच मुलगी आहे, हवीहवीशी, हे साफ विसरले होते. मला भरून आलं.

"दम लागतोय?" तो घाबरून उठला.

"नाही," मी त्याचा हात धरला. "सरांना सांगा, नियम बरोबर पाळलात. मी जवळचीच आहे."