नटावरची पिवळी रेघ

रेडिएटरच्या तोंडाशी रंगाचा पोपडा सुटला होता. तपासनीस बाईंनी तो नखाने उचलला. खाली पांढरी भुकटी होती.

"मामांचा निष्काळजीपणा," मागून साहेब म्हणाले. सकाळपासून पाचव्यांदा.

साहेब म्हणजे या वर्कशॉपचे प्रमुख, मेकॅनिकचा परवाना त्यांच्याकडेही होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं. शिकवणीच्या या छोट्या विमानाचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळालं, इंजिन तापून हवेतच बंद पडलं, विमान माळावर आदळलं आणि चालवणाऱ्या मुलीचा पाय मोडला. कारण मामांनी नट सैल ठेवला. मामा इथले सर्वांत जुने मेकॅनिक, आणि त्या मुलीचे सख्खे मामा. निष्काळजीपणाबद्दल त्यांचा परवाना रद्द करण्याचं पत्र साहेबांनी टाइप करून टेबलावर ठेवलं होतं. सही तेवढी बाईंची हवी होती. काम करायला यांना सवड नसते, खापर फोडायला मात्र हे तयारीनिशी हजर, असं बाईंच्या मनात आलं.

मामा स्टुलावर खाली मान घालून बसले होते. अपघात झाल्यापासून तीन दिवस ते इस्पितळात भाचीच्या उशाशी होते, आत्ता बोलावलं म्हणून आले होते.

"नट तुम्ही आवळलात?"

"चार महिन्यांपूर्वी. रेडिएटरचा जोड झिरपत होता. तात्पुरता आवळून रेघ ओढली, आणि नवा ॲल्युमिनियमचा येईपर्यंत विमान उभं ठेवा म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला चाकांच्या आणि ब्रेकच्या कामावर टाकलं. त्यानंतर इंजिनाला हात लावलेला नाही."

"रेघ कसली?"

"ज्याने नट आवळला त्याने आपल्या रंगाची रेघ ओढायची. माझा पिवळा. पोरीचा पाय माझ्यामुळेच मोडला म्हणायचा."

बाईंनी बॅटरी लावली. चंदेरी जोड, त्यावर नट, नटाच्या माथ्यावर आखीव पिवळी रेघ. मग त्यांनी मामांनी बसवलेली चाकं पाहिली. तिथली प्रत्येक रेघ नटावरून खाली उतरून शेजारच्या धातूपर्यंत गेली होती.

त्यांनी पाना लावला. नट तसूभरही हलेना.

"साहेब, नट घट्ट आहे."

"मग गंजलं असेल. जोड जुनाच आहे, मामांनी बदलला नाही."

दोन मिनिटांत माणूस बाजू बदलून मोकळा, आणि लाज म्हणून नाही. बाईंनी स्टोअरकीपरला विचारलं. नवा जोड अजून आलाच नव्हता.

"अपघातानंतर विमान कुलपात कोणी ठेवलं?"

"मी. किल्ली माझ्याकडेच असते," साहेब अभिमानाने म्हणाले.

बाईंनी टेबलावरच्या एका नळीला नट लावला आणि पिवळ्या रंगाची बाटली पुढे सरकवली. "मामांसारखी रेघ ओढून दाखवा."

"हा काय पोरखेळ?"

"ओढा."

साहेबांनी सुबक रेघ ओढली. नटाच्या माथ्यावर, तेवढीच. रेडिएटरच्या नटावर होती तशी.

बाईंना त्यांची कीवही आली नाही. "रेघ नटावरून खालच्या धातूपर्यंत न्यायची असते. नट फिरला तर ती तुटते आणि लांबूनच कळतं. तुमची कधीच तुटणार नाही. इतकी वर्षं या वर्कशॉपवर हुकूम चालवलात, आणि ती रेघ तुम्हाला सजावट वाटत होती."

त्यांनी पात्याने जोड खरवडला. चंदेरी रंगाखालून पिवळं पितळ निघालं.

"पितळ मजबूत असतं," साहेब पुटपुटले. "बघा, त्याला ओरखडासुद्धा नाही."

"नसणारच. दोन वेगळे धातू चिकटवून त्यात पाणी खेळवलं की एक दुसऱ्याला खातो. पितळ शाबूत राहिलं आणि रेडिएटरचं ॲल्युमिनियम झिजून पीठ झालं. मामांनी सांगितलं तसं विमान उभं ठेवायचं सोडून तुम्ही बाजारातला जोड ठोकलात. ही भुकटी साठायला महिने लागतात, आणि तुमचा रंग तिच्यावर, गळलेल्या पाण्याच्या ओघळांवरसुद्धा बसलाय. म्हणजे रंग अपघातानंतरचा. तेव्हा मामा इस्पितळात होते आणि किल्ली तुमच्या खिशात."

मामांनी मान वर केली. परवान्याचं त्यांनी नावही काढलं नाही. "बाकीच्या दोन विमानांना काय लावलंय?"

बाहेर त्यातल्याच एका विमानाचा पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला.

मामा धावले. दोन्ही हात वर करून ते विमानासमोर उभे राहिले, तेव्हा कुठे इंजिन बंद झालं. त्यांनी इंजिनावरचं झाकण काढलं. पितळी जोड झगमगत होता आणि त्याच्याभोवती तीच पांढरी भुकटी होती. मामा तिथेच जमिनीवर बसले आणि रडले.

खिडकीतून बाईंनी ते पाहिलं. मग टेबलावरचं पत्र ओढलं, मामांचं नाव खोडलं, त्यावर साहेबांचं लिहिलं आणि खाली सही केली. बाकीचा मजकूर बदलावा लागला नाही.