होडीचा हौद

मोबाईल खाली ठेवा पोरांनो, अन सरका जवळ. आपल्या सर्जेरावासोबत घडलेलं सांगतो. खोटं वाटलं तर उद्या त्यालाच विचारा. पण जेवणाआधी विचारू नका.

मागच्या वैशाखातला मंगळवार. शेतीची लाईट तेव्हा रात्री बारानंतर यायची, म्हणून सर्जेराव मोटर चालू करायला मळ्यात निघाला. म्हशीचा हौद भरायचा होता. म्हैस गाभण, दिवस भरलेले, अन परवा नवा हौद आणल्यापासून तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. घागरीनं पाजायचा याला कंटाळा. तहान लागली की पिईल, म्हणायचा. घर त्याच म्हशीवर चालायचं. ती गेली असती तर सगळं बसलं असतं.

हौद कसला, लोखंडी होडी! तोडलेल्या जहाजांचं भंगार जालन्याच्या कारखान्यांत येतं, त्यातून यानं ती उचलून आणलेली. बापजन्मात समुद्र पाहिला नाही. जी वस्तू पाणी बाहेर ठेवायला केली, ती यानं काठोकाठ पाण्यानं भरली.

शाळेतल्या राजानंद गुरुजींनी होडीवर इंग्रजीत लिहिलेलं गावाचं नाव वाचून मोबाईलवर ते विलायतेतलं गाव काढून दाखवलं होतं. पांढरं दीपगृह, जहाजांचा जुना धक्का, अन किनाऱ्यावर बुडालेल्या खलाशांच्या नावांचा दगडी खांब.

"सर्जेराव, जहाज बुडू लागलं का मान्सं असल्या होडीत चढायची. समदीच चढली असतील, असं न्हाई."

"मंग काय झालं गुरुजी? म्हशीला काय इंग्रजी वाचता येतं का?"

तर मोटर लावून तो हौदापाशी आला, अन नाकाला गमछाच लावला. सडक्या मासळीचा वास. पाण्यावर हिरवी, जाड साय. बोट घातलं तर तार सुटली. शी! शहाण्यानं ते पाणी तिथंच उपडं केलं असतं. यानं साय हातानं सारली, अन म्हशीची मान धरून तोंड पाण्यात दाबलं.

"पी गं माय. जल्दी पी."

ती एक घोट प्याली.

मोटर बंद पडली.

होडीच्या काठावर बोटं होती. आतून धरलेली. पांढरी. फुगलेली. कातडी सुटलेली. एक हात... दुसरा... मग सगळ्या काठानं. चढायला बघत होते.

एक हात त्याच्या मनगटावर आला. गार. गिळगिळीत.

"कोन... कोन हाय..."

नुसते बुडबुडे...

म्हशीला ओढत तो घरापर्यंत पळाला. सकाळी माणसं घेऊन होडी उलटी केली. आत काहीच नव्हतं. दुपारी म्हैस व्याली, रेडकू धडधाकट. सर्जेरावाचा जीव भांड्यात पडला. त्याच्या बायकोनं, दैवशालानं, चिकाचा खरवस केला. देवाला दाखवला अन पहिला तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

दाताखाली करकर झाली.

त्यानं तळहातावर थुंकलं. वाळू. पांढरी, बारीक... अन तिच्यात नखाएवढा एक शिंपला.

शिंपला हळूच उघडला.

जिवंत होता.