दोनची फेरी

दार लावून घ्या रे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे नको.

तुम्ही सगळे उद्यापासून फरशी तपासायच्या कामावर, म्हणून सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या साडूंच्या बाबतीत घडलेली आहे. दुकानांची सहा मजली इमारत. रात्री अकरा, दोन आणि पाच, अशा तीन फेऱ्या. काठीने एकेक लादी ठोकत जायचं. घट्ट लादी टक् वाजते, सुटलेली भद्. कुठे काही सापडलं तर तिथे आडवी फळी लावायची आणि लिफ्टशेजारच्या कागदावर खूण करायची. पण आमचे साडू म्हणजे आळसाचा कळस! अकरालाच तिन्ही फेऱ्यांच्या खुणा करून मोकळे. वर मलाच अक्कल शिकवायचे, "साडूभाऊ, लाद्या काय रात्रीत चालायला लागतात होय?"

आणि पहाटे साडेपाचला पाचव्या मजल्यावर पुसायला कोण यायचं? त्यांचीच बायको. माझी सख्खी मेहुणी.

नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. साडू कुलपं बघून आले, खुणा उरकल्या आणि खालच्या खुर्चीत पाय पसरून बसले. इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी वर आवाज झाला.

टक्.

टक्... टक्...

त्यांना वाटलं, पाइप असेल. पण आवाज चालत होता. एक लादी सोडत नव्हता. पहिला मजला झाला. दुसरा झाला. साडूंनी आपली काठी बघितली. ती भिंतीला टेकलेलीच होती.

चोर कशाला लाद्या ठोकेल? बॅटरी घेऊन ते जिन्याने निघाले. ते तिसऱ्यावर पोचले, तर आवाज चौथ्यावर. चौथ्यावर पोचले, तर पाचव्यावर. अगदी जिन्याच्या तोंडाशी...

भद्.

पुन्हा. भद्. त्याच जागी.

भद्... भद्... भद्...

कोणाला तरी दाखवत असल्यासारखं.

साडूंनी शेवटचं वळण घेतलंच नाही. पळत खाली आले. गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि बसल्या बसल्या कधीतरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा पाच चाळीस झाले होते. मागच्या दाराची किल्ली बायकोकडे असायची. दार उघडं होतं. बादली जागेवर नव्हती.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. साडू धावले. हाक मारायला गेले, तर आवाज फुटेना. चौथ्याच्या वळणावरून वर बघतात, तर मेहुणी वरच्या पायरीवर. हातात भरलेली बादली.

लादी निसटली.

बादली गडगडत खाली आली. मेहुणी मागे कलंडली. साडू बारा पायऱ्या खाली...

आणि ती... थांबली.

तशीच. तिरकी. पाठीमागे रिकामा जिना.

मग हळूहळू... सरळ झाली.

"अहो," मागे न बघताच ती म्हणाली, "केवढ्यांदा धरलंत! दंड मोडला असता की."

साडू अजून बारा पायऱ्या खालीच होते.

...

त्यानंतर त्यांनी एकही फेरी चुकवली नाही. हे सांगताना धाय मोकलून रडले माझ्यापाशी.

मेहुणीचा कामाचा निळा सदरा मी हातात घेऊन पाहिलाय. उजव्या दंडावर सिमेंटच्या धुळीची चार बोटं आणि अंगठा. दहादा धुऊन झाला. ओला असेपर्यंत काही दिसत नाही.

वाळला, की येतात.