मालकांची गप्प खुर्ची

“पंधरा मिनिटं थंडगार, सोळाव्या मिनिटाला भट्टी! तुम्ही गाडी दुरुस्त केलीत की बिघडवलीत?”

पांढऱ्या गाडीच्या बाईंनी दार असं आपटलं, की गॅरेजच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मालक तरातरा ऑफिसातून बाहेर आले. इथे गाड्यांचे एसी दुरुस्त करते ती आत्या. तिने हातातला पाना खाली ठेवला. कोपऱ्यातल्या बाकावर तिची तीन भाचरं चिडीचूप बसली होती. सुट्टीत आत्याकडे आलेली ही टोळी! शब्दाला शब्द भिडवते म्हणून तेरा वर्षांची ‘वकील’, तिचा गोबऱ्या गालांचा भाऊ ‘ढब्बू’ आणि दोघांची दहा वर्षांची चुलत बहीण ‘मुंगी’. ही तिसरी कुठल्याही फटीतून आत शिरायची.

“महिन्यातली चौथी गाडी, बाई! चौथी!” मालक सगळ्यांसमोर ओरडले. “तुम्ही एसीचा ड्रायर बदलता आणि गाडी परत येते. काम जमत नसेल तर घरी बसा ना!”

“साहेब, मी सगळं नियमाने...”

“नियम मला शिकवू नका! उद्या निळी गाडी आहे. तिचा ड्रायर बदला. चार वाजता मी स्वतः आत बसणार, तासभर. गरम हवा आली, की हत्यारांची पेटी उचलायची आणि चालू लागायचं! आणि ही कार्टी इथे कशाला? पाळणाघर आहे का हे?”

मालक पाय आपटत ऑफिसात शिरले. त्यांची खुर्ची सरकली, पण आवाज झाला नाही. पांढऱ्या गाडीच्या बाई समोर बसल्या, ती गिऱ्हाइकाची खुर्ची मात्र नव्या फरशीवर किर्रर्र करून किंचाळली.

“कान किटले माझे! स्टोअरवाले, माझ्या खुर्चीचं केलंत तसं हिचंही करा की!”

“उद्याच करतो, साहेब! माल आला की लगेच!” सुट्या भागांचं स्टोअर सांभाळणारे स्टोअरवाले दात काढत म्हणाले. साहेबांनी थुंकी झेलायला सांगितली असती, तर हा माणूस ओंजळ पुढे करून उभा राहिला असता.

दुपारी डबे उघडले, पण आत्या जेवेना. ढब्बूने तिच्या पुढ्यातला जुना ड्रायर उचलला. वीतभर लांबीचा ॲल्युमिनियमचा डबा तो.

“यात असतं काय गं?”

“दाणे. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी निघते ना, तसले. गॅसमधली ओल ते पितात. ओल राहिली तर पुढे बारीक छिद्रात तिचा बर्फ होतो आणि वाट बुजते. थंड हवा बंद! गाडी थोडा वेळ थांबवली की बर्फ वितळतो, पुन्हा सुरू.”

“पंधरा मिनिटं थंडी, मग भट्टी!” ढब्बू ओरडला.

“तेच तर! पण नव्या ड्रायरचे दाणे कोरडे असतात. मी तो सगळ्यात शेवटी उघडते, लगेच बसवते.” आत्याने आपला डबा तसाच बाजूला सारला. “बावीस वर्षं हेच करतेय. माझ्या कामाला कुणी बोट लावलं नव्हतं रे.”

तिला असं बघून वकीलला संताप आला. तिने आपल्या डब्याचं झाकण खाडकन लावलं.

इकडे मुंगीने आत्याचा पत्र्याचा डबा जमिनीवर ओतला होता. नव्या ड्रायरच्या दोन्ही तोंडांवर रबरी टोपणं येतात. आत्या ती फेकत नाही, गाडी खोलल्यावर उघड्या पाइपांची तोंडं झाकायला जपून ठेवते.

“आत्या, यातली सगळी टोपणं जुनी आहेत. महिन्याभरातलं एकही नाही!”

“आता टोपणं येत नाहीत गं. कंपनी चिकटपट्टी लावून पाठवते म्हणे.”

“कोण म्हणे?” वकीलने शब्द पकडला.

“स्टोअरवाले.”

“‘म्हणे’ हा पुरावा नसतो, आत्या!”

दुसऱ्या दिवशी सकाळी माल घेऊन येणारा टेम्पो टोळीने फाटकाबाहेरच गाठला.

“टोपणाविना ड्रायर?” टेम्पोवाले काका खवळले. “तोंड उघडं असलेला माल मी गाडीत चढवतसुद्धा नाही! हे बघा!”

त्यांनी तीन खोकी उघडली. तिन्ही ड्रायरवर काळी कुळकुळीत टोपणं!

वकील त्यांच्या कानाशी लागली. काका मिशीतल्या मिशीत हसले. “त्या स्टोअरवाल्याने मला तास तास उन्हात उभं केलंय. करा काय करायचं ते!”

वकीलने नखांना लावायच्या रंगाची बाटली काढली आणि प्रत्येक टोपणाच्या कडेला लाल ठिपका दिला. एक खोकं काकांनी सही घेऊन थेट आत्याच्या हाती ठेवलं. उरलेली दोन स्टोअरकडे निघाली, तोच पाठीमागून आवाज आला.

“ए कार्ट्यांनो! मालाला हात लावाल तर तंगडी मोडीन!” स्टोअरवाल्यांनी खोकी हिसकावली आणि धाडकन दार लावून घेतलं.

तासाभराने त्यांनी निळ्या गाडीसाठी ड्रायर आणून दिला. त्याच्या दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी होती!

आत्याने पट्टीकडे पाहिलं, मग आपल्या पेटीतल्या टोपणवाल्या ड्रायरकडे. तिचा चेहरा बघून ढब्बू दोन पावलं मागे सरकला.

“आत्ता नको!” वकील कुजबुजली. “तो म्हणेल, असाच आला. आधी टोपणं सापडू देत!”

आत्याने दात-ओठ खाल्ले. पट्टीवाला ड्रायर बाजूला ठेवून तिने पेटीतला बसवला, पाइपांतली हवा मशीनने खेचून काढली आणि गॅस भरला. तोवर टोळीने कचऱ्याचे डबे, मोरी, स्टोअरची खिडकी, सगळं पालथं घातलं. टोपणांचा पत्ता नाही!

एवढ्यात ऑफिसात एक गिऱ्हाईक बसलं. खुर्ची सरकली. वकील जागच्या जागी थबकली.

“ढब्बू, काही ऐकू आलं?”

“नाही.”

“तेच तर! स्टोअरवाले काल काय म्हणाले होते? ‘माल आला की लगेच!’ मुंगे, आत जा!”

मुंगी ऑफिसात रांगत गेली आणि रांगतच परतली. तिने चार बोटं वर केली.

चार वाजता मालक निळ्या गाडीत जाऊन बसले. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस झाली. पाच वाजता ते दोन्ही हात काखेत घालून बाहेर आले. नाक लालबुंद झालं होतं, पण तोरा तसाच!

“एक चालली म्हणून काय झालं? आधीच्या चार तुमच्याच हातच्या ना, बाई?”

“मालक, गिऱ्हाइकाची खुर्ची उलटी करा!” वकील समोर उभी राहिली.

“हिला आधी बाहेर काढा!”

पण टेम्पोवाले काका संध्याकाळची फेरी घेऊन आले होते, आणि त्यांनी खुर्ची उलटी केलीसुद्धा. चार पाय, चार काळी टोपणं, चार लाल ठिपके! ढब्बूने मालकांची खुर्चीही आडवी केली. तिच्या आणि टेबलाच्या पायांतही तीच टोपणं होती, फक्त जुनी.

आत्याने चिकटपट्टीवाला ड्रायर टेबलावर ठेवला. “हा आज सकाळी टोपणांसकट आला होता. विचारा यांना.”

“सकट म्हणजे सकट!” काका गरजले.

स्टोअरवाले दाराकडे सरकले. “साहेब, तुम्हीच म्हणालात, आवाज बंद करा... आणि देताना मी पट्टी लावत होतो की!”

“देताना! आणि तोवर?” आत्याने विचारलं.

“तोवर... दहा-बारा दिवस उघडेच होते फळीवर. रबर नुसतं वाया जातं हो, बाई!”

“दहा-बारा दिवस हवेतली ओल पिऊन तट्ट फुगलेले दाणे मी लोकांच्या गाड्यांत बसवले! आणि चूक माझी?” आत्या इतक्या मोठ्याने बोलू शकते, हे पोरांना पहिल्यांदाच कळलं. “मीही त्या पट्टीवर विश्वास ठेवायला नको होता. ते मी मान्य करते. तुमचं काय?”

महिनाभर आपण कशावर बसलो होतो, हे आता मालकांना कळलं. त्यांनी वाकून आपल्या खुर्चीची चारही टोपणं स्वतः उपटली.

“शाबास रे पोरांनो,” ते पुटपुटले. “माझ्या डोळ्यांदेखत होतं आणि मला दिसलं नाही. बाई, झालं गेलं...”

“शाबासकी घेतील ती. पण झालं ते गेलं नाही, साहेब. चार लोकांना वाटतंय, मला काम येत नाही. त्या चौघांना फोन करा. मी इथेच उभी आहे.”

मालकांनी खुर्ची फोनपाशी ओढली. किर्रर्र! त्यांच्या अंगावर काटा आला, पण ते बसले. पांढऱ्या गाडीच्या बाईंनी फोन उचलला.

“चूक गॅरेजची होती... माझी. मेकॅनिक बाईंची नव्हती,” मालक तोंडातल्या तोंडात म्हणाले.

आत्याने तिन्ही भाचरांना जवळ ओढलं.

“मोठ्याने, साहेब,” ती म्हणाली. “काल ओरडलात, तेवढ्या मोठ्याने.”