एका वेळी एकच हात

चूक माझीच होती. न्यायालयाच्या तळघरात पुराव्यांची खोली आहे. तिथे आत जाताना प्रत्येकानं आपला फोन दाराजवळच्या लाकडी खणात ठेवायचा आणि बाहेर पडताना उचलायचा, एवढा साधा नियम. पहिल्या दिवशी मी फक्त ओळखपत्र करून घ्यायला गेले होते आणि निघताना घाईत होते. काळं कव्हर दिसलं, उचललं, चालू लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर फोन वाजला. पडद्यावर 'आई' दिसलं, म्हणून कानाला लावला.

"जेवलास का रे?"

"हो," मी सवयीनं म्हणाले.

मग ती बाई काळजीनं म्हणाली, "सर्दी झालीय का तुला?"

तेव्हा कुठे मी हातातल्या वस्तूकडे नीट बघितलं, आणि माझ्या पाचावर धारण बसली. तो फोन त्यांचा होता. त्यांचा म्हणजे आमच्या कंपनीच्या प्रतिस्पर्धी फोन-कंपनीचा. आमचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आमच्या ऑफिसात त्या कंपनीचं नावसुद्धा कुणी घेत नाही, नुसतं 'पलीकडचे' म्हणतात. अकरा वर्षं आम्ही एकमेकांवर खटले भरतोय. फोनच्या कडांवरून, चित्रांवरून, बोट फिरवण्यावरून. आणि मी भर रस्त्यात पलीकडच्यांचा फोन कानाला लावून उभी!

धावत परत आले तर खणांजवळ एकजण उभा होता. माझा फोन त्यानं दोन बोटांत, अंगापासून लांब धरला होता, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा.

"हा तुमचा असणार," तो म्हणाला.

"तुमच्या आईंना कळवा, सर्दी नाहीये."

तो हसला. हसताना डावीकडचा एक दात जरा पुढे येतो त्याचा. हे मी लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं... पण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी त्या खोलीत पोचले, तर टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत तोच. पलीकडच्यांचा तंत्रज्ञ. आमच्याकडून मी.

खटला असा होता. फोन हातात धरला की तो धरणाऱ्याची नाडी ओळखतो आणि उघडतो, या कुलपाचं पेटंट आम्ही म्हणत होतो आमचं, ते म्हणत होते त्यांचं. एवढ्यात मधेच एक म्हातारे गृहस्थ उगवले, निवृत्त चित्रकला-शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं की हे कुलूप माझ्या बायकोनं तुम्हा दोघांच्या आधी केलं, घराच्या मागच्या खोलीत, एकटीनं. ती आता नाही. हा तिनं केलेला फोन घ्या.

फोन म्हणजे राखाडी, जाडजूड, साबणाच्या वडीसारखा डबा. तो कुणाकडूनच उघडेना. न्यायालयानं तीस बैठका दिल्या. तीस दिवसांत उघडला तर कुलूप तिचं, पेटंट ना आमचं ना त्यांचं, वापरायला सगळ्यांना मोकळं. नाही उघडला तर पुरावा बाद, आणि मास्तरांचं म्हणणं खोटं ठरणार. थोडक्यात, आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही कंपन्यांना एकच गोष्ट हवी होती: त्या बाईचा फोन उघडू नये.

खोलीची राखणदार होती लाखबाई. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पाकिटांवर लाखेचा शिक्का मारायची म्हणून लाखबाई. रोज ती आमच्यासमोर दोन पाकिटं फोडायची. एकात फोन, दुसऱ्यात त्याची बॅटरी, नियमानं वेगळी ठेवलेली. मग बॅटरी बसवायची, आधी मी फोन धरायचा, मग त्यानं. एका वेळी एकच हात. फॉर्मात 'हाताळणारी व्यक्ती' म्हणून एकाच नावाची जागा होती. शेवटी शेऱ्याचा रकाना, आणि त्यावर दोघांच्या सह्या. कामाखेरीज आम्ही एकमेकांशी बोलायचं नाही, स्पर्श तर नाहीच. दोन पक्षांच्या माणसांचं साटंलोटं आढळलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

नवव्या बैठकीला लाखबाई शिक्का शोधायला कपाटाकडे वळली होती. फोन टेबलावर होता. बॅटरी अजून दुसऱ्या पाकिटात, शिक्क्यासकट. आणि फोनचा पडदा उजळला.

मंद, निळसर. पाण्याखाली दिवा असावा तसा. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. उजेड दहा-बारा सेकंद राहिला आणि विझला. माझ्या मानेवर काटा आला. मी समोर बघितलं, तो माझ्याकडे बघत होता.

"दिसलं?" तो हळूच म्हणाला.

"काय?"

"...काही नाही."

मला वाटलं, ही पलीकडच्यांची काहीतरी चाल आहे. त्याला वाटलं, आमची. दोघंही मूग गिळून बसलो आणि शेऱ्यात लिहिलं, 'विशेष काही नाही'. खाली दोघांच्या सह्या.

दहाव्या दिवशी पुन्हा अकरा वीस. अकराव्या दिवशी पुन्हा. लाखबाईची नेमकी तेव्हाच पाठ असायची. बाराव्या दिवशी उजेड विझल्यावर मी धीर करून फोन उचलला, तर तो कोमट होता. कुणीतरी नुकताच हातातून खाली ठेवल्यासारखा. मी न बोलता तो त्याच्याकडे सरकवला. त्यानं धरला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. भीती वाटली की माणसं लांब पळतात म्हणे. आम्ही दोघांनी खुर्च्या टेबलाच्या जवळ ओढल्या.

बोलायची बंदी होती, लिहायची नव्हती. तेराव्या बैठकीचा शेरा मी लिहिला: 'खोली फार थंड. समोरील पक्ष आपला स्वेटर माझ्या खुर्चीवर विसरला.' त्यानं गंभीरपणे सही केली. चौदाव्याचा त्यानं लिहिला: 'विसरला नव्हता.' मी सही केली, आणि सही जरा वाकडी आली. सतराव्याला मी नोंदवलं की समोरील पक्षाला आज झोप झालेली दिसत नाही. त्यानं खाली लिहिलं की कारण समोरच्याच पक्षाला विचारावं. लाखबाई ते फॉर्म न वाचता फायलीला लावायची, किंवा आम्हाला तरी तसं वाटायचं.

एक सांगते. मला त्या फोनची भीती वाटायची, आणि तरी सकाळी उठल्यापासून मी अकरा वीसची वाट बघायचे. तेव्हा त्या निळ्या उजेडात त्याचा चेहरा दिसायचा. प्रेम कुणाला बागेत होतं, मला तळघरात झालं.

एकोणतिसाव्या दिवशी मास्तर आले. पुरावा बाद झाला तर परत कुठे न्यायचा, त्या कागदावर त्यांची सही हवी होती. सही करताना हात थांबवून ते लाखबाईला म्हणाले, "रोज अकरा-वीसला ती मागच्या खोलीतून चहाला बाहेर यायची. फोन पुढे करायची, म्हणायची, 'धर जरा.' मी धरायचो, माझ्या हातावर तिचा हात. मग तो उघडायचा. मला वाटायचं, तीच उघडते."

लाखबाईनं नुसतं "असं होय" म्हटलं. आम्हा दोघांना मात्र लख्ख कळलं, या कुलपाला दोन नाड्या लागतात. दोन कंपन्या, शेकडो इंजिनियर, अकरा वर्षं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की फोन दोघांचा असू शकतो. फोनला मालक एकच, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की फॉर्मातसुद्धा दुसऱ्या नावाला जागा ठेवली नव्हती.

त्या दिवशी बाहेर पडताना खणांपाशी तो थांबला. नवव्या बैठकीनंतर पहिल्यांदा, लिहून नाही, तोंडानं बोलला.

"उद्या गप्प बसलो तर नोकरी वाचेल. दोघांची."

"आणि मास्तर खोटे ठरतील."

"हो." त्यानं माझा फोन खणातून काढून माझ्या हातात दिला, या वेळी पूर्ण हातानं. "आपण धरला... आणि उघडलाच नाही, तर?"

"तर नोकरी वाचली."

"नोकरीबद्दल नाही विचारत मी," तो म्हणाला.

मी फोन खिशात टाकला आणि सरळ जिना चढले.

तिसावी बैठक. मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मी लाखबाईला सरळच सांगितलं की दोन हातांनी धरून बघायचंय. तिनं फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाली, "फॉर्मात जागा एकाच नावाची आहे," आणि पट्टी घेऊन तिनं त्या रकान्यात मधोमध रेघ मारली. "आता दोन झाल्या."

बॅटरी बसवली. आधी मास्तरांनी आणि मी धरला. नाही. मास्तरांनी आणि त्यानं. नाही. मास्तरांचा हात सुरकुतलेला, गार. त्यांनी तो मागे घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माझी नाडी तिच्याशीच जुळायची, बाळ. तुमच्याशी कशी जुळेल? तुम्ही दोघं धरा. आल्यापासून तुमच्या खुर्च्या बघतोय मी."

अकरा एकोणीस. त्यानं फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"धर जरा," तो म्हणाला.

'तुम्ही'वरून 'तू'वर तो असा आला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. माझं काळीज इतकं धडधडत होतं की वाटलं, हे कसलं जुळतंय, हे तर पळत सुटलंय. मग त्याच्या मनगटातला ठोका मला लागला. तोही पळत होता. हळूहळू दोन्ही ठोके निवत गेले, आणि एका क्षणी मला कळेना, त्यातला माझा कुठला.

अकरा वीस. फोन उघडला.

आत एकच फोटो होता, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले मास्तर. मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. फोटोखाली फोननं स्वतःच ठेवलेल्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, नाडी. वर्षानुवर्षं रोज अकरा-वीस, दोन नाड्या. ती गेली तो दिवस आला. मी पुढे सरकवलं, आणि माझं बोट तिथेच थांबलं.

नोंदी संपल्या नव्हत्या. ती गेल्यानंतरही रोज अकरा-वीस. या खोलीतल्या एकोणतीस दिवसांच्याही, बॅटरी बंद पाकिटात असतानाच्या. एक नाडी. रोज एकच. ठोके मिनिटाला चौपन्न. दुसरी जागा रिकामी.

तळघरात बारा माणसांचा श्वास कोंडावा तशी हवा जड झाली होती. मास्तरांनी चष्मा चढवून आकडा वाचला.

"चौपन्न," ते म्हणाले. "तिची अशीच मंद चालायची. डॉक्टर नेहमी दोनदा मोजायचे."

त्यांनी फोनवर हात ठेवला, आमच्या हातांच्या वर. आम्ही तसेच थांबलो. मग पडद्यावरचा उजेड हलकेच कमी झाला.

लाखबाईनं फॉर्म पुढे केला. यंत्र उघडले, हे तिनं लिहिलं होतं. 'कारण' मात्र आम्ही लिहायचं होतं, आणि ते कारण दुसऱ्या दिवशी भर न्यायालयात वाचलं जाणार होतं, दोन्ही कंपन्यांच्या वकिलांसमोर. मी पेन घेतलं. मी लिहिलं: 'दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींचे आजपासून एकमेकांवर प्रेम आहे.' सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"यात चूक आहे," तो म्हणाला. त्यानं 'आजपासून' खोडलं, वर बारीक अक्षरात 'नवव्या बैठकीपासून' लिहिलं, आणि सही केली.

कुलूप मास्तरांच्या बायकोच्या नावावर लागलं. आम्हा दोघांना एकाच दिवशी काढून टाकल्याची पत्रं आली. मजकूर शब्दाला शब्द सारखा. कुणी कुणाची नक्कल केली, यावर दोन्ही कंपन्यांनी अजून खटला कसा भरला नाही, याचंच नवल.

मास्तरांकडे आम्ही दर रविवारी जातो. तो राखाडी फोन आता उजळत नाही. वाट बघायचं संपलं तिचं, असं ते म्हणतात आणि चहा ओततात. गेल्या रविवारी आमचे दोघांचे फोन, एक आमच्याकडचा आणि एक पलीकडचा, त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. बंद करून ठेवलेले. अकरा वीस झाले आणि दोन्ही पडदे एकदम उजळले, मंद, निळसर.

मास्तरांची पाठ होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. या वेळी मीच हात पुढे केला.

"धर जरा," मी म्हणाले.